आई मावशीकडे गेली आहे

मास्तरकी करणाऱ्या माणसाला खोटे बोलता येत नाही, असा एक समज आहे. तो खरा नाही. गेल्या श्रावणात मी चांगले आठ दिवस खोटे बोललो. आणि ते पकडले कोणी, तर एका जपानी चित्रपटाने!

त्याचे असे झाले. सौभाग्यवतींना शस्त्रक्रियेसाठी इस्पितळात ठेवावे लागले. मुलगी आठ वर्षांची. तिला सांगायचे काय? आमच्या मातोश्रींनी आणि मी संगनमत करून सांगून टाकले, "आई मावशीकडे गेली आहे." पोरीने फारसे काही विचारले नाही. संध्याकाळी ती मुकाट्याने टीव्हीपुढे बसून 'टॉम अँड जेरी' पाही. शेजारी मीही बसे. हे मांजर माझे जुने स्नेही! हॅना आणि बार्बेरा या जोडीने १९४० साली त्याला जन्माला घातले; तेव्हापासून त्याची रोज पोळी होते, सुरुंगाने ते काळेठिक्कर पडते आणि पुढच्याच क्षणी धावू लागते. त्याला लागते, पण दुखत नाही. सुपरमॅनची तऱ्हाही तीच. १९३८ सालच्या चित्रकथेतला हा गडी १९७८ साली क्रिस्तोफर रीव्हच्या रूपाने पडद्यावर आला, तेव्हा त्याने पृथ्वीभोवती गरगर फिरून काळच उलटा फिरवला आणि मेलेल्या प्रेयसीला परत आणले. इस्पितळातून घरी आल्यावर असली करमणूक मलाच हवीशी वाटे, हेही कबूल करतो.

रविवारी कॉलेजात शिकणारा भाचा आला. म्हणाला, "मामा, आज अॅनिमे पाहू." आपण लँटर्नचे लालटेन केले, तसे जपान्यांनी अॅनिमेशनचे अॅनिमे केले. चित्रपट होता हायाओ मियाझाकी यांचा १९८८ सालचा 'माय नेबर टोटोरो'. रानातला एक गलेलठ्ठ प्राणी, दोन लहान बहिणी. म्हटले, निरुपद्रवी दिसते. त्यांचा बाप माझ्यासारखाच प्राध्यापक, चष्मेवाला. तो मुलींना घेऊन खेड्यातल्या जुन्या घरात राहायला येतो. आणि आई? आई इस्पितळात.

माझ्या पोटात गोळा आला. पण पडद्यावरचा बाप काहीच लपवीत नव्हता. तो मुलींना सायकलवर बसवून आईला भेटवायला नेत होता. पुढे एके ठिकाणी पावसात बसची वाट पाहणे एवढेच बराच वेळ चालते. अमेरिकन मांजराने तेवढ्यात चार वेळा मार खाल्ला असता! मग इस्पितळाची तार येते. आईचे घरी येणे लांबते. तोवर शहाण्यासारखी वागणारी थोरली ओक्साबोक्शी रडू लागते.

आमची चिमुरडी पडद्यावरची नजर न काढता म्हणाली, "बाबा, आपली आईपण हॉस्पिटलमध्येच आहे ना?"

"तुला कोणी सांगितलं?"

"मावशीचाच फोन आला होता. आई कशी आहे, म्हणून विचारत होती."

"मग मला का नाही विचारलंस?"

"विचारलं असतं तर तुम्ही काहीतरी वाईट सांगितलं असतं."

वाचकहो, आठ दिवस ते पोर एकटेच हे ओझे वाहत होते, आणि आम्ही समजत होतो की आम्ही तिला जपतो आहोत! दुसऱ्या दिवशी तिला आईकडे नेले. ती रडली, मग आईच्या वाटची खिमट चाखून "अळणी आहे" म्हणाली.

यावर जपानी खरे बोलतात आणि अमेरिकन भुलवतात, असे व्याख्यान मी ठोकणार होतो. भाच्याने हाणून पाडले. डिस्नेच्या १९४२ सालच्या 'बॅम्बी'त पाडसाची आई शिकाऱ्याच्या गोळीने मरते, आणि ती परत येत नाही. १९६३ साली 'अॅस्ट्रो बॉय' छोट्या पडद्यावर आणणारे ओसामु तेझुका याच 'बॅम्बी'चे भक्त. त्यांनी त्याची चित्रकथाही काढली. उलट जपानचाच डोरेमॉन पोटाच्या खिशातून रोज एक चमत्कार काढून देतो! तेव्हा सीमारेषा देशादेशांतली नव्हे. मुलांना खरे सोसेल असा विश्वास धरणारे आणि न धरणारे, यांच्यामधली आहे. मी कुठल्या बाजूला उभा होतो, ते सांगितलेच आहे.

आता सौभाग्यवती घरी आहेत. चकलीच्या भाजणीवरून मातोश्रींशी त्यांचा वाद सुरू झाला आहे, म्हणजे प्रकृती सुधारली. टॉम अजून रोज मार खातो, आणि आम्ही रोज हसतो. परवा मात्र पोरीने मध्येच विचारले, "बाबा, खऱ्या मांजराला असं लागलं तर?"

मी टीव्ही बंद केला, आणि खरे ते सांगितले.