मृताच्या वारसांनी काय मागावे?

घरातील कर्ता माणूस दुसऱ्याच्या हातून मरतो तेव्हा त्या घरावर दोन संकटे एकदम कोसळतात. एक सर्वांना दिसते. दुसरे कागदाचे असते, आणि रडारडीत ते कोणाच्या ध्यानात येत नाही. प्रेत अजून दवाखान्यात असते, ठाण्यात कोणीतरी सांगेल तसा जबाब लिहिला जात असतो, एखाद्या म्हाताऱ्याचा अंगठा घेतला जात असतो, आणि घरच्यांना सांगण्यात येते की, "तुम्ही घरी जा, आता सरकार पाहील." वाचकहो, हे वाक्य अर्धेच खरे आहे. खुनाचा खटला सरकार चालविते, हे खरे. परंतु त्या खटल्यात मयताच्या वारसांनाही कायद्याने स्वतःची जागा दिली आहे. ती जागा आपण होऊन कोणी आणून देत नाही. ती लेखी मागावी लागते.

बीड जिल्ह्यातील वाचकांना केज तालुक्यातील मस्साजोग हे नाव सांगावयास नको. ९ डिसेंबर २०२४ रोजी तेथील सरपंच संतोष देशमुख यांचे अपहरण करून त्यांस ठार मारण्यात आले. खटला न्यायालयापुढे गेला आहे, तेव्हा आरोपींविषयी आम्ही काही म्हणत नाही. परंतु त्या आधीचे तीन दिवस तुम्ही नीट पाहावेत. ६ डिसेंबर रोजी गावच्या शिवारातील पवनऊर्जा प्रकल्पाच्या आवारात एका दलित पहारेकऱ्यास मारहाण झाली आणि सरपंच त्याच्या मदतीस गेले. त्या मारहाणीची दखल जेवढ्या गांभीर्याने घ्यावयास हवी होती तेवढी घेतली गेली नाही, हा आक्षेप तेव्हापासून होत आला आहे. पुढे राज्याच्या गुन्हे अन्वेषण विभागाने फेब्रुवारी २०२५ मध्ये दोषारोपपत्र दाखल केले, त्यात खंडणी, ती मारहाण आणि खून ही एकाच साखळीची कडी म्हणून मांडली. म्हणजे मृत्यूच्या आधी घडलेल्या साध्या वाटणाऱ्या मारहाणीची फिर्याद हाही खुनाच्या खटल्यातील मोलाचा कागद ठरतो. तुमच्या वस्तीत कोणास धमकी मिळाली, कोणास मार बसला, तर "जाऊ द्या, गावात राहायचे आहे" म्हणून ती गिळू नका.

त्याच प्रकरणात विशेष सरकारी वकील मिळावा म्हणून गावाला अन्नत्याग करावा लागला. त्यानंतर फेब्रुवारी २०२५ मध्ये उज्ज्वल निकम यांची नेमणूक झाली. ज्या कुटुंबामागे सारे गाव आणि राज्यभरचे मोर्चे उभे होते त्याला एवढे करावे लागले, तेथे वेशीबाहेरच्या वस्तीतील विधवेचे काय? तिच्यासाठी मोर्चा निघेलच असे नाही. म्हणून तिला हे ठाऊक असले पाहिजे की, अत्याचार प्रतिबंधक कायद्याच्या १९९५ च्या नियमांतील चौथ्या नियमाप्रमाणे पीडित कुटुंबाने इच्छा दर्शविल्यास जिल्हाधिकारी नामवंत ज्येष्ठ वकिलाची नेमणूक करू शकतात, आणि त्याची फी सरकारने द्यावयाची असते. हा अर्ज एका पानाचा असतो. आम्हांस तर वाटते की उपोषणाच्या मंडपाआधी तो जिल्हाधिकारी कचेरीत पोचला पाहिजे.

आता मुळाशी येऊ. १ जुलै २०२४ पासून जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी भारतीय नागरिक सुरक्षा संहिता आली आहे. तिच्या १७३ व्या कलमाप्रमाणे दखलपात्र गुन्ह्याची खबर कोणत्याही ठाण्यास घ्यावी लागते; हद्द आमची नाही, ही सबब आता चालत नाही. खबरीची नक्कल फिर्यादीस फुकट द्यावयाची असते. ठाणे अंमलदाराने नकार दिला तर तीच हकीकत लिहून पोलीस अधीक्षकांकडे पाठवावी, आणि तेथेही दाद लागली नाही तर प्रतिज्ञापत्रासह दंडाधिकाऱ्यांकडे जावे. मयत अनुसूचित जातीचा असेल तर गुन्हा नोंदविण्यापूर्वी प्राथमिक चौकशीची गरज नाही, असे १९८९ च्या अत्याचार प्रतिबंधक कायद्यात २०१८ साली स्पष्टपणे घालण्यात आले. तपासही उपअधीक्षकाच्या दर्जाहून खालच्या अधिकाऱ्याकडे देता येत नाही.

येथेच आपल्या नवदीक्षित कुटुंबांपुढे तो जुना प्रश्न उभा केला जातो: "तुम्ही तर बौद्ध झालात, मग ॲट्रॉसिटी कशी लागेल?" याचे उत्तर प्रत्येक घरात पाठ असावे. १९५० च्या अनुसूचित जातींच्या आदेशात आरंभी केवळ हिंदूंचा समावेश होता. १९५६ मध्ये शिखांचा झाला. आपल्या लोकांनी त्याच वर्षी नागपुरास दीक्षा घेतली, परंतु बौद्धांचा समावेश व्हावयास १९९० साल उजाडावे लागले. तेव्हापासून मूळ अनुसूचित जातीतील बौद्धास या कायद्याचे संपूर्ण संरक्षण आहे, धर्मांतराने ते तसूभरही कमी होत नाही. ज्यांची मूळ जातच त्या यादीत नव्हती अशा कुटुंबांना मात्र हा कायदा लागत नाही. त्यांनी सर्वसाधारण फौजदारी कायद्याचा मार्ग धरावा.

अडचण येते ती दाखल्याची. शाळेच्या कागदावर नुसते "बौद्ध" किंवा "नवबौद्ध" लिहिलेले असते, आणि यादीत त्या नावाची जात नाही. तेथे महार, मांग अशी नावे आहेत. ज्या नावाचे जू बापाने वा आजाने मानेवरून उतरविले तेच नाव मयत मुलाच्या अर्जावर पुन्हा लिहावयाचे, याची चीड आम्हांस समजते. कित्येक घरांत या एका कारणाने दाखलाच काढलेला नसतो. परंतु काठी उगारणारा तुमचा धर्म विचारीत नाही. तो तुमची जुनी जात लक्षात ठेवून असतो आणि न्यायालयात मात्र ती मला ठाऊकच नव्हती असे म्हणतो. धर्म बौद्ध व मूळ जात अमुक, असा दाखला प्रांताधिकाऱ्यांकडून काढण्यात धम्माची कसलीही हानी नाही. तो घरात तयार असावा. प्रेत दारात असताना १९५० पूर्वीचा पुरावा शोधीत कोणी फिरू नये.

या मुद्द्याची किंमत आपण मोजलेली आहे. २००६ साली भंडारा जिल्ह्यातील खैरलांजीत एका कुटुंबातील चौघांचे प्राण गेले. आठ आरोपींना शिक्षा झाल्या, तरी अत्याचार प्रतिबंधक कायद्याची कलमे न्यायालयात टिकली नाहीत. त्या वेळी मयत अमुक जातीचा "म्हणूनच" मारला गेला हे सिद्ध करावे लागे. २०१६ पासून अमलात आलेल्या दुरुस्तीने तो शब्द बदलला: मयताची जात आरोपीस ठाऊक होती एवढे पुरेसे आहे, आणि आरोपी मयताला वा त्याच्या घराला व्यक्तिशः ओळखत असेल तर ती ठाऊक होती असे न्यायालय गृहीत धरते, उलट सिद्ध करण्याचा भार त्याच्यावर. म्हणून फिर्यादीत हे वाक्य आलेच पाहिजे की आरोपी आमच्याच गावचा आहे व आम्हांस ओळखतो. एवढे वाक्य सुटल्यास पुढे त्यावर वर्षानुवर्षे वाद होतो.

फिर्यादीइतकेच पंचनामा व शवविच्छेदन यांकडे लक्ष हवे. पंचनाम्याच्या वेळी घरचे एक तरी लिहिते-वाचते माणूस हजर राहावे आणि अंगावरील प्रत्येक खूण लिहिली जाते की नाही हे पाहावे. परभणीचे उदाहरण आपल्या शेजारचेच आहे. डिसेंबर २०२४ मध्ये तेथे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पुतळ्यासमोरील संविधानाच्या प्रतिकृतीची विटंबना झाली, आंदोलन भडकले, धरपकड झाली, आणि अटकेतील विधी शाखेचे विद्यार्थी सोमनाथ सूर्यवंशी यांचा १५ डिसेंबर रोजी न्यायालयीन कोठडीत मृत्यू झाला. पोलिसांनी मारहाण केली नाही, असे सरकारतर्फे सांगण्यात आले. परंतु शवविच्छेदन छत्रपती संभाजीनगर येथे झाले व प्राथमिक अहवालात अनेक जखमांमुळे बसलेल्या धक्क्याचा उल्लेख आला. कोठडीतील मृत्यूची चौकशी न्यायदंडाधिकाऱ्यांनी करावयाची असते, आणि शक्य असेल तेथे नातेवाइकांस कळवून त्यांना चौकशीस हजर राहू द्यावयाचे असते. या प्रकरणी अशी चौकशी झाली. तिच्या आधाराने मयताच्या आईने उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाकडे दाद मागितली. ॲडव्होकेट प्रकाश आंबेडकर यांनी बाजू मांडली. ४ जुलै २०२५ रोजी खंडपीठाने गुन्हा नोंदविण्याचा आदेश दिला. सरकार सर्वोच्च न्यायालयात गेले, आणि तेथेही ३० जुलै रोजी आदेश कायम राहिला. सात महिन्यांची ही लढाई एका आईने कागदावर लढविली. शवविच्छेदनाचा तो अहवाल नसता तर तिच्या हाती काय उरले असते?

आर्थिक साहाय्याविषयी आपल्याकडे एक विचित्र संकोच आहे. "रक्ताचे पैसे घेतले" असे गाव म्हणेल, अशी भीती वाटते. ही भीती सोडून द्यावी. सरकारी साहाय्य हा आरोपीशी केलेला समझोता नव्हे आणि ते घेतल्याने खटल्याचा एक शब्दही कमी होत नाही. २०१६ च्या नियमांप्रमाणे खुनाच्या प्रकरणी वारसांना सव्वाआठ लाख रुपये आहेत: निम्मे शवविच्छेदनानंतर, निम्मे दोषारोपपत्र न्यायालयात गेल्यावर. त्याशिवाय विधवेस किंवा अवलंबितांस दरमहा पाच हजार मूळ निवृत्तिवेतन व त्यावर महागाई भत्ता, एकास नोकरी, आवश्यक तर शेतजमीन व घर, मुलांच्या पदवीपर्यंतच्या शिक्षणाचा खर्च, तीन महिन्यांचे धान्य, हेही त्याच नियमांत लिहिलेले आहे. पहिला हप्ता मिळतो व उरलेले विसरले जाते. विसरू देऊ नका. समाजकल्याण कचेरीत अर्ज देऊन त्याची पोच घ्या. ज्यांना हा कायदा लागू नाही त्यांच्यासाठी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणामार्फत पीडितांच्या भरपाईची योजना आहे. आणि १८५५ चा प्राणघातक अपघात कायदाही जिवंत आहे: दुसऱ्याच्या चुकीने मृत्यू झाल्यास पती, पत्नी, आईबाप व मुले यांच्यासाठी दिवाणी दावा लावता येतो, मात्र मृत्यूपासून दोन वर्षांच्या आत.

पैसा मंजूर झाला की वारस कोण, हा प्रश्न येतो. वारसाच्या बाबतीत बौद्धांना १९५६ चा हिंदू वारसा कायदाच लागू आहे. त्याप्रमाणे विधवा, मुलगे, मुली आणि मयताची आई हे पहिल्या वर्गाचे वारस होत. सासू-सुनेने या दिवसांत भांडू नये, दोघींचाही हक्क आहे. परंतु विवाह बुद्धवंदना घेऊन झाला आणि त्याची नोंद कोठेच केली नाही, तर सुनेला आपण पत्नी आहोत हेच आधी सिद्ध करावे लागते. खेड्यात ही नोंद ग्रामसेवकाकडे होते. मृत्यूची नोंद एकवीस दिवसांत व्हावी.

बीड जिल्ह्यात लिहीत असता ऊसतोडणीचा विषय टाळता येत नाही. दसऱ्यानंतर आपली हजारो घरे कोयता घेऊन पश्चिम महाराष्ट्रात व कर्नाटकात जातात, आणि रात्री उलटलेल्या ट्रॅक्टर-ट्रॉलीखाली माणूस दगावतो तो परक्या मुलखात. मुकादम थोडी रक्कम हातावर ठेवून कोऱ्या कागदावर अंगठा घेतो. अंगठा देऊ नये. अपघात सांगली-कोल्हापुराकडे झाला असला तरी मोटार अपघात भरपाईचा दावा वारस जेथे राहतात त्या भागातील न्यायाधिकरणात लावता येतो. बीडच्या विधवेला दरवेळी तिकडे जाण्याचे कारण नाही. या दाव्यास १ एप्रिल २०२२ पासून सहा महिन्यांची मुदत घातली आहे. तिच्याविरुद्धचा वाद सर्वोच्च न्यायालयात गेला खरा, परंतु त्या भरवशावर दिवस घालवू नका. चूक कोणाची याचा वाद न घालताही मृत्यूबद्दल पाच लाख मागता येतात. राहिली ती उचल. मयताने घेतलेली उचल फेडण्यासाठी त्याच्या बायकोला वा पोराला कामावर जुंपणे हे १९७६ च्या वेठबिगार निर्मूलन कायद्याने बंद केलेले आहे. मुकादम ते मान्य करणार नाही. तहसीलदारांस लेखी कळवावे.

शेवटी न्यायालय. बीडच्या सीमेला लागून असलेल्या जामखेड तालुक्यात खर्डा येथे २८ एप्रिल २०१४ रोजी शाळकरी नितीन आगे याची हत्या झाली. नोव्हेंबर २०१७ मध्ये सर्व आरोपी सुटले, कारण साक्षीदार एकामागून एक फितूर झाले. दिवसाढवळ्या नेलेले पोर कोणी पाहिलेच नाही! म्हणून महत्त्वाच्या साक्षीदाराचा जबाब तपास चालू असतानाच दंडाधिकाऱ्यांपुढे नोंदवावा, असा अर्ज कुटुंबाने द्यावा. साक्षीदारांस संरक्षण मागावे. आरोपीच्या जामिनाच्या अर्जाची नोटीस पीडित कुटुंबास मिळालीच पाहिजे व त्यांचे म्हणणे ऐकलेच पाहिजे, असे अत्याचार प्रतिबंधक कायद्याचे कलम १५-अ सांगते आणि सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये ते बंधनकारक ठरविले आहे. आरोपी सुटलेच, तर सरकार अपील करील की नाही याची वाट पाहण्याचे कारण नाही; पीडितास स्वतः अपील करण्याचा अधिकार २००९ च्या अखेरीपासून आहे. निकालाच्या नकलेसाठी त्याच दिवशी अर्ज करावा. वकिलाची फी परवडत नसेल तर १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याप्रमाणे अनुसूचित जातीच्या कोणाही व्यक्तीस, उत्पन्न कितीही असो, वकील मोफत मिळतो. त्याची कचेरी बीडच्या जिल्हा न्यायालयातच आहे. जाताना फिर्यादीची नक्कल व जातीचा दाखला बरोबर न्यावा.