तापलेल्या गाडीची नाडी

वैशाखातले सोलापूर, पारा चाळिशीपार. पुणे रस्त्यावर बाळ्याजवळ चादरींचे गठ्ठे लादलेली डिझेल पिकअप वाफ सोडत उभी राहते. घरी वाफ जिरल्याखेरीज कुकर न उघडणारे गृहस्थ इथे मात्र थेट रेडिएटरच्या झाकणाला हात घालतात, आणि भाजून घेतात!

वाचकहो, कुकरात दाबामुळे पाणी सुमारे १२० अंशांपर्यंत तापते. रेडिएटरचे झाकणही तसाच दाब धरून ठेवते. गरम असता उघडले, की पाणी उसळलेच. म्हणून इंजिन पुरते निवू द्यावे, मग नाडी पाहावी.

झाकण लावून थंड इंजिन सुरू करा. पाणी तापण्याआधीच वरचा रबरी पाइप ताठरला, तर हेड गॅस्केटचा संशय घ्या. सिलिंडरातला वायू पाण्यात शिरत असावा. पुन्हा कधी थंड असताना झाकण काढून सुरू केल्यावर बुडबुडे थांबेनात, तर संशय बळावला. उलट, निवल्यावर पाइप चपटा होत असेल, तर बहुधा झाकणाची झडप अडकलेली असते.

पहिल्या दुखण्यात इंजिन उघडावे लागते. दुसरे नव्या झाकणावर भागते. तेव्हा मिस्त्रीने इंजिनाला हात घालण्यापूर्वी आपण पाइपाला हात लावून पाहावा हे बरे!