लिंकिन पार्क असो की आपला इंडस क्रीड, परत आलेल्या बँडच्या नव्या अल्बमवर दोन तट का पडतात?

लोलापलूझा इंडिया २०२६ च्या यादीत लिंकिन पार्कचं नाव आलं आणि एका जुन्या वादाला पुन्हा तोंड फुटलं. हा खरंच तोच बँड आहे का?

प्रश्न फक्त फॅन लोकांच्या भांडणाचा नाही. कार्यक्रम मुंबईच्या महालक्ष्मी रेसकोर्सवर, तारीख २४ आणि २५ जानेवारी. शहापूर तालुक्यातल्या आटगावहून तिथे जायचं म्हणजे कसारा लोकलने दादर, मग पश्चिम रेल्वेने महालक्ष्मी. वर तिकिटाचे हजारो रुपये. इतका खर्च करण्याआधी माणूस नव्या अल्बमचे रिव्ह्यू शोधतो आणि गोंधळात पडतो. एक म्हणतो दमदार पुनरागमन, दुसरा म्हणतो जुनाच माल नव्या पाकिटात.

असं का होतं, हे समजून घ्यायला मुंबईचाच एक बँड कामी येतो.

आधी लिंकिन पार्कचं काय झालं?

बँडचा गायक चेस्टर बेनिंग्टन २० जुलै २०१७ ला गेला. त्यानंतर बँड जवळपास सात वर्षं शांत होता. सप्टेंबर २०२४ मध्ये माईक शिनोडा आणि मंडळी परत आली, ती एमिली आर्मस्ट्राँग ही नवी गायिका आणि कॉलिन ब्रिटन हा नवा ड्रमर घेऊन. १५ नोव्हेंबर २०२४ ला ‘फ्रॉम झिरो’ हा अल्बम आला. ११ ट्रॅक, जेमतेम ३२ मिनिटं. नावातला ‘झिरो’ म्हणजे बँडचं सुरुवातीचं नाव.

बहुतेक परीक्षकांनी अल्बमचं स्वागत केलं. एमिलीचा आवाज, गाण्यांचा वेग आणि बँडमधला जिवंतपणा त्यांना आवडला. तक्रार एकाच गोष्टीची होती, ती म्हणजे हा अल्बम फार सुरक्षित खेळतो. ‘हेवी इज द क्राउन’ ऐकताना २००३ च्या ‘फेंट’ची आठवण येते, हे अनेकांनी बोलून दाखवलं.

सोशल मीडियावर भांडण वेगळंच होतं. तिथे चेस्टरच्या जागी दुसरं कुणी उभं राहावंच का, यावर लोक तुटून पडले. एमिली पूर्वी एका आरोपीच्या कोर्टातल्या सुनावणीला त्याच्या बाजूने हजर राहिली होती, हेही बाहेर आलं. तो निर्णय चुकला, असं तिने सप्टेंबर २०२४ मध्येच जाहीर केलं. पण अनेकांचं मत गाणी ऐकण्याआधीच बनलं होतं.

मुंबईत हेच कधी घडलं होतं?

१९८४ मध्ये मुंबईत रॉक मशीन नावाचा बँड सुरू झाला. १९८८ मध्ये ‘रॉक अँड रोल रेनिगेड’ आणि १९९० मध्ये ‘द सेकंड कमिंग’ हे त्यांचे अल्बम आले. परदेशी बँडची गाणी वाजवून टाळ्या घेण्याच्या त्या काळात हे लोक स्वतःची इंग्रजी गाणी लिहीत होते. पुढे त्यांनी नाव बदलून इंडस क्रीड केलं. ‘प्रिटी चाइल्ड’च्या व्हिडिओला १९९५ मध्ये एमटीव्हीचा आशियाई प्रेक्षकपसंतीचा पुरस्कार मिळाला.

आणि १९९७ मध्ये बँड फुटला.

२०१० मध्ये गायक उदय बेनेगल, गिटारवादक महेश तिनईकर आणि कीबोर्डवरचे झुबिन बालापोरिया पुन्हा एकत्र आले. बेसवर रुशाद मिस्त्री आणि ड्रमवर जय राव कवी, ही नव्या पिढीची पोरं सोबत घेतली. २०१२ मध्ये ‘इव्हॉल्व्ह’ आला.

इथे त्यांनी लिंकिन पार्कच्या उलट वाट धरली. ऐंशीच्या दशकातला चकचकीत थाट सोडून दिला. गाणी गडद झाली, रचना गुंतागुंतीची झाली. परीक्षकांनी या बदलाचं कौतुक केलं. पण ‘टॉप ऑफ द रॉक’ गुणगुणत मोठ्या झालेल्या माणसाला या अल्बममध्ये आपलं कॉलेज सापडणार नव्हतं.

मग अडचण कुठे आहे?

दोन्ही अल्बम शेजारी ठेवले की घोळ लक्षात येतो. बँड जुन्यासारखा वाजला तर ‘नवीन काय केलं?’ आणि बदलला तर ‘हे आमचे नाहीत’. परीक्षक नवेपणा मोजतो, चाहता आठवण मोजतो. दोघांची फूटपट्टीच वेगळी.

मराठी नाटकवाल्यांना हे नवं नाही. ‘तो मी नव्हेच’मध्ये डॉ. गिरीश ओक लखोबा लोखंडे म्हणून उभे राहिले, तेव्हा प्रेक्षकांच्या डोक्यात प्रभाकर पणशीकर होतेच. तरी नाटकात संहिता तीच राहते, त्यामुळे तुलना सोपी असते. बँडच्या बाबतीत गायक नवा आणि गाणीही नवी. तुलना नेमकी कशाशी करायची, हेच ठरत नाही.

त्यात लिंकिन पार्कशी अनेकांचं नातं खासगी आहे. सायबर कॅफेतून उतरवलेली, मोबाईलच्या दुकानात मेमरी कार्डवर भरून घेतलेली ही गाणी इंजिनिअरिंगच्या होस्टेलमध्ये रात्र रात्र वाजली. एकटेपणा आणि राग बोलून दाखवायला कुणी नव्हतं, तेव्हा चेस्टरचा आवाज होता. तो स्वतः नैराश्याशी झगडत गेला. त्याच्याशिवायचा बँड नकोसा वाटणं हा दुराग्रह नाही, तो शोकाचा भाग आहे. मात्र त्या शोकावरून नवा अल्बम वाईट ठरत नाही.

रिव्ह्यू वाचताना काय बघायचं?

पहिलं, लिहिणारा गाण्यांबद्दल बोलतोय की बँडच्या इतिहासाबद्दल? चार परिच्छेद जुन्या दिवसांवर आणि दोन ओळी गाण्यांवर असतील, तर तो अल्बमचा रिव्ह्यू नाही.

दुसरं, तुलना कुठल्या काळाशी आहे? ‘फ्रॉम झिरो’ची तुलना २००० च्या ‘हायब्रिड थिअरी’शी करणं आणि २०१७ च्या मवाळ ‘वन मोअर लाइट’शी करणं, यातून दोन वेगळे निकाल निघतात.

तिसरं, अल्बम आणि कार्यक्रम या वेगळ्या गोष्टी आहेत. मैदानात जुनी गाणीही वाजतात. नवा अल्बम न आवडलेल्यालाही तिथे मजा येऊ शकते आणि अल्बम आवडलेल्याला नव्या आवाजातलं ‘नंब’ खटकू शकतं.

‘इव्हॉल्व्ह’ला आता दशकाहून अधिक काळ उलटलाय. रॉक मशीन कधीच न पाहिलेला आजचा विशीतला श्रोता तो अल्बम कुठल्याही ओझ्याशिवाय ऐकू शकतो. ‘फ्रॉम झिरो’लाही असे श्रोते मिळायला लागलेत. लिंकिन पार्क म्हटलं की त्यांना पहिल्यांदा आठवते ती एमिली. रिव्ह्यू वाचायला वेळ लागतो त्याहून थोड्याच जास्त वेळात अख्खा अल्बम ऐकून होतो, तिकीट काढण्याआधी तेवढं करायला हरकत नाही.