वाचनकट्टा : मोतोको नेमकी कुठे गेली?



‘घोस्ट इन द शेल’ हा १९९५ सालचा मामोरू ओशी यांचा अॅनिमेशनपट तुमच्यापैकी अनेकांनी पाहिला असेल. काहींनी मासामुने शिरो यांची मूळ मांगाही वाचली असेल. त्या उत्साहात दुसरा भाग, म्हणजे ‘मॅन-मशीन इंटरफेस’, हातात घेतला की पन्नासेक पानांतच डोकं गरगरू लागतं. ओळखीचं कोणी दिसत नाही आणि नायिका पानागणिक चेहरा बदलते. हे पुस्तक अर्ध्यावर सोडलेले वाचक पुष्कळ आहेत. म्हणून आज त्याची वाट थोडी सोपी करू.

आधी पहिल्या भागाचा शेवट आठवा. मेजर मोतोको कुसानागीचं शरीर कृत्रिम, मेंदू तेवढा माणसाचा. जाळ्यात आपोआप जन्मलेली ‘पपेट मास्टर’ नावाची जाणीव आणि ती, दोघं एकमेकांत विलीन होतात. त्यातून जी उरते ती ना पूर्वीची मोतोको, ना पपेट मास्टर. सेक्शन नाइन सोडून ती निघून जाते.

दुसऱ्या भागाची गोष्ट २०३५ सालची, म्हणजे या घटनेनंतर चार-साडेचार वर्षांनी घडते. नायिका आहे मोतोको आरामाकी, पोसायडन या बड्या कंपनीची सुरक्षाप्रमुख. आरामाकी हे सेक्शन नाइनच्या जुन्या साहेबांचंही आडनाव, त्यामुळे पहिला गोंधळ तिथेच होतो. माणसांसाठी अवयव वाढवण्याकरता पाळलेल्या डुकरांच्या केंद्रावर हल्ला होतो आणि ती तपासाला लागते. पण ती जागची फारशी हलत नाही. ठिकठिकाणी ठेवलेल्या यंत्रदेहांत शिरून काम करते.

इथे आपल्याला आपलीच एक जुनी गोष्ट उपयोगी पडते. आदि शंकराचार्यांनी अमरू राजाच्या देहात प्रवेश केला, तेव्हा त्यांचं मूळ शरीर शिष्य राखत बसले होते, अशी आख्यायिका आहे. हा परकायाप्रवेश. मोतोको हेच करते, फक्त दिवसातून अनेकदा, आणि शिष्यांच्या जागी तिच्याकडे संगणक आहेत. म्हणून प्रत्येक प्रसंगाला एकच प्रश्न विचारा : आत्ता ती कुठल्या देहात आहे? निम्मा गुंता तिथेच सुटतो.

उरलेला निम्मा असा. त्या विलीनीकरणातून निर्माण झालेली मोतोको एकच नाही. तिचे अंश वेगवेगळ्या नावांनी जगतात, आणि त्यांचं आपसात पटेलच असं नाही. आपण मात्र ‘खरी’ मोतोको शोधत बसतो, आणि नेमके तिथेच अडतो.

रामनगरच्या वाचकांना हा प्रश्न परका वाटू नये. काळी नदीवरच्या धरणात सुपा गाव बुडालं, आसपासची गावं गेली, आणि विस्थापित कुटुंबांची वसाहत रामनगरात उभी राहिली. सुपा तालुक्याचं नाव पुढे जोयडा झालं. घर गेलं, शेत गेलं, तालुक्याचं नावही बदललं. मग गाव संपलं का? की नात्यांत, बोलीत, देवांच्या वार्षिक उत्सवांत ते दुसऱ्या देहात शिरलं? ‘तुमचं गाव कुठलं?’ या प्रश्नाला आजीचं उत्तर वेगळं आणि नातवाचं वेगळं असू शकतं. त्यातलं खोटं कुठलंच नाही.

आता वाचनाचा क्रम. दुसरा भाग यंग मॅगझिनमध्ये १९९१ ते १९९७ दरम्यान आला आणि बऱ्याच बदलांसह २००१ मध्ये पुस्तकरूपात निघाला. त्याच काळातल्या, मोतोको गेल्यानंतरच्या सेक्शन नाइनच्या कथा २००३ मध्ये ‘१.५’ या क्रमांकाने स्वतंत्र पुस्तकात आल्या. जुने सोबती कुठे गेले, अशी चुटपुट लागली असेल तर आधी ‘१.५’ वाचा. मग दुसरा भाग. पहिल्या वाचनात शिरोंच्या बारीक अक्षरांतल्या तळटीपा सरळ ओलांडा. ओशींचा ‘इनोसन्स’ हा २००४ चा चित्रपट मात्र या पुस्तकावर बेतलेला नाही. तो पाहून उत्तरं मिळतील, या आशेवर राहू नका.

इतकं करूनही शेवटची पानं धूसरच राहतील. कथानक म्हणून हा भाग पहिल्याइतका बांधेसूद नाही, हेही खरं. संगणकावर रंगवलेली चित्रं काही ठिकाणी गोष्टीला झाकून टाकतात. तरी वाचा. बदललेल्या माणसाला ‘तू आता पूर्वीचा राहिला नाहीस’ असं आपण सहज म्हणून टाकतो. शिकायला किंवा नोकरीला बेळगाव-गोव्याकडे, पुण्या-मुंबईला गेलेल्या तुमच्यातल्या अनेकांनी ते ऐकलंही असेल. शिरोंची मोतोको त्यावर सफाई देत बसत नाही. ती पुढच्या कामाला लागते.

पुढच्या महिन्यात भेटूच.