धाडस आणि कर्तव्य

यवतमाळ जिल्ह्यातील वणीचा प्रदेश वर्धा खोऱ्याच्या कोळसापट्ट्यात मोडतो. तेथील बंद खाणीची ढासळलेली वाट सावरण्यास स्वयंसेवक सरसावले, तर त्यांचे कौतुक करावे. परंतु त्यांना आत जाऊ देऊ नये, असे आमचे स्पष्ट मत आहे. टेकू कुजलेले, हवा विषारी, पाणी साचलेले; तेथे नुसता उत्साह काय कामाचा? १९७५ साली चासनाला येथे साचलेले पाणी खाणीत घुसून पावणेचारशेच्या आसपास कामगार प्राणास मुकले. उलट २०२३ साली सिलक्यारा बोगद्यातील ४१ जणांपर्यंतची अखेरची वाट खोदणारे हात मुरब्बी मजुरांचे होते. स्वयंसेवकांना आधी शिक्षण द्यावे. सोडलेल्या खाणी बुजविणे हे मात्र खाणचालकांचे व सरकारचे कर्तव्य आहे. ते लोकांच्या धाडसावर ढकलणे आम्हांस मान्य नाही.