द्राक्षाच्या पानावरचा डाग बुरशीचा की जिवाणूचा? फवारणीआधी हे तपासा

द्राक्षाच्या पानावर काळपट ठिपके दिसले की मोबाइलवर फोटो काढायचा, कृषी सेवा केंद्रात दाखवायचा आणि संध्याकाळी बुरशीनाशक फवारायचे. अनेक बागांत रोगाचे निदान असेच होते. ठिपके बुरशीचे असतील तर निभावते. जिवाणूचे असतील तर पैसा जातो आणि रोग बागेतच राहतो.

बुलढाणा जिल्ह्याची ओळख सोयाबीन आणि कपाशीची. पण देऊळगाव राजाला लागून असलेल्या जालना जिल्ह्यात कडवंचीसारख्या गावाने शेततळ्यांच्या बळावर द्राक्षशेती उभी केली. ते पाहून इकडेही कोणी द्राक्षाकडे वळत असेल, तर काड्या आणण्याआधी हा रोग समजून घ्यायला हवा.

रोग कोणता?

जिवाणूजन्य करपा. तो झँथोमोनास गटातील जिवाणूमुळे होतो. डाळिंबाचा तेल्या रोगही याच गटातल्या जिवाणूचा. द्राक्षावरील या रोगाचे पहिले शास्त्रीय वर्णन १९७२ मध्ये भारतातच झाले. १९९८ मध्ये तो ब्राझीलच्या बागांतही आढळला.

पसरतो कसा?

पावसाचे उडणारे थेंब, रोगट काड्या आणि छाटणीची कात्री, या तीन वाटांनी. एप्रिलच्या खरड छाटणीनंतर फुटलेली कोवळी पाने आणि काड्या नेमक्या पावसाळ्यात सापडतात. २५ ते ३० अंश तापमान आणि ओलावा जिवाणूला मानवतो. रोगट काडी वरून निरोगी दिसू शकते, म्हणून रोपवाटिकेची निवड सर्वांत महत्त्वाची.

ओळखायचा कसा?

- जिवाणूजन्य करपा : शिरांलगत बारीक, पाणी भरल्यासारखे कोनाकार ठिपके, भोवती पिवळी कडा. पुढे काडी, देठ आणि घडाच्या दांड्यावर काळ्या भेगा.
- बुरशीजन्य करपा : मध्यभागी राखाडी, कडेला गडद डाग. मण्यावर पक्ष्याच्या डोळ्यासारखा ठिपका.
- केवडा : पानावर तेलकट पिवळे डाग, खालच्या बाजूला पांढरी वाढ.

तरीही फक्त डोळ्यांवर विसंबू नये. डागाच्या कडेचा बारीक तुकडा कापून पाण्याच्या थेंबात ठेवला आणि सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला, तर जिवाणूजन्य रोगात कापलेल्या कडेतून धुरासारखा प्रवाह बाहेर येताना दिसतो. यातून जिवाणू आहे एवढे कळते. तो नेमका कोणता, हे प्रयोगशाळेत पीसीआर चाचणीने ठरते.

नमुना कसा द्यावा?

फवारणीपूर्वी, ताजे डाग असलेली पाने आणि काडी घ्यावी. कोरड्या वर्तमानपत्रात गुंडाळून वर तारीख, वाण आणि प्लॉट लिहावा. ओल्या प्लास्टिक पिशवीत पाने कुजतात. बुलढाण्याचे कृषी विज्ञान केंद्र, अकोल्याचे डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठ किंवा पुण्याजवळील मांजरीचे राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्र येथे सल्ला घेता येईल.

उपाय काय?

रोग मुळापासून बरा करणारे औषध नाही. रोगट काड्या कापून बागेबाहेर नष्ट करणे, प्रत्येक वेलीनंतर कात्री सोडियम हायपोक्लोराईटच्या द्रावणात बुडवणे आणि शिफारशीनुसार ताम्रयुक्त औषध वापरणे, एवढेच हाती आहे. प्रतिजैविकांचा मोह टाळावा. स्ट्रेप्टोमायसिन आणि टेट्रासायक्लिनच्या शेतीतील वापरावर बंदीचा मसुदा केंद्राने डिसेंबर २०२१ मध्येच काढला होता. माणसाच्या उपचारातील औषधे शेतात फवारली की त्यांना दाद न देणारे जिवाणू तयार होण्याचा धोका असतो.

पहिल्या तपासणीला लागतात एक सूक्ष्मदर्शक, काचपट्टी आणि ब्लेड. प्रत्येक तालुका कृषी कार्यालयात एवढी सोय आणि ती वापरणारा एक प्रशिक्षित माणूस असणे ही मोठी मागणी नाही. फवारणीच्या सल्ल्याआधी निदानाची चिठ्ठी मिळाली, तर शेतकऱ्याचा खर्च आणि बाग दोन्ही वाचतील.