गाडी ‘मिसिंग’ मारते तेव्हा

मे महिना आला किंवा गणपती जवळ आले, की आपल्या माळव्यातील मराठी घरांत महाराष्ट्राकडे जाण्याची तयारी सुरू होते. कोणाकडे नाशिकला मुंज, कोणाकडे पुण्यास लग्न. अशा वेळी सेंधव्यापुढे बिजासन घाट लागताच गाडी गचके खाऊ लागते, वेग घेईनाशी होते आणि मागे बसलेली वडीलधारी मंडळी चिंतेत पडतात. ‘मिसिंग मारते आहे’ हे या विकाराचे मिस्त्री मंडळींनी रूढ केलेले नाव. शब्द परका खरा, पण आता तो आपल्या बोलण्यात रुळला आहे, म्हणून आम्हीही तोच वापरतो. घाट गाठण्यापूर्वी घरच्या अंगणातच या विकाराचे पुष्कळसे निदान करता येते.

मुळात होते काय? पेट्रोलच्या मोटारीत बहुधा तीन किंवा चार सिलिंडर असतात. प्रत्येकात हवा आणि पेट्रोल यांचे मिश्रण दाबले जाते, नेमक्या क्षणी प्लगमधून ठिणगी पडते आणि पेटलेल्या मिश्रणाच्या जोराने दट्ट्या खाली ढकलला जातो. दोन फेऱ्यांत प्रत्येक सिलिंडरची पाळी एकदा येते. म्हणजे उभ्या गाडीचे इंजिन मिनिटाला ८०० फेरे घेत असेल, तर प्रत्येक सिलिंडर मिनिटाला ४०० वेळा पेट घेतो. योग्य मिश्रण, पुरेसा दाब आणि वेळेवर ठिणगी या तिहींपैकी एक जरी चुकले, तरी ती पाळी फुकट जाते. पालखीच्या एका भोयाचा पाय अडखळला, की सबंध पालखी हिंदकळते, तसाच हा प्रकार.

पण प्रश्न केवळ गचक्यांचा नाही. न जळलेले पेट्रोल पुढे धुराच्या नळीतील कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन पेटते. तो भाग भलताच तापतो आणि आतील मधाच्या पोळ्यासारखी जाळी वितळूही शकते. काही शेकड्यांच्या प्लगची हयगय अशी हजारो रुपयांच्या भागाच्या मुळावर येते. म्हणून इंजिनाच्या चित्राचा दिवा नुसता लागलेला असेल, तर लवकरात लवकर तपासणी करावी. तो लुकलुकू लागला, तर मात्र वेग कमी करून सुरक्षित जागी थांबावे. गाडी तशीच दामटू नये. थांबतानाही वाळलेले गवत किंवा कापणीनंतरचे काड टाळावे, कारण तापलेल्या नळीने ते पेटू शकते.

आपल्याकडील रीत अशी की आधी सगळे प्लग बदलावयाचे, मग कॉइल, मग इंजेक्टरची सफाई. दोष सापडेपर्यंत पैसे ओतत राहावयाचे. याला चिकित्सा म्हणता येत नाही, हा जुगार झाला. वैद्य आधी रोग्याला विचारतो, ‘दुखते केव्हा?’ तोच प्रश्न येथेही विचारावा. चढावर किंवा भार पडल्यावर मिसिंग होत असेल, तर संशय प्लग व कॉइलवर घ्यावा. गॅसवर मिसिंग आणि पेट्रोलवर सुरळीत, असे असेल तरीही आधी तेच पाहावे, कारण सीएनजी पेटविण्यास ठिणगी अधिक जोरकस लागते. ते ठीक निघाल्यास मग गॅसच्या किटकडे वळावे. गाडी उभी असतानाच थरथरत असेल आणि वेगात ठीक चालत असेल, तर चिरलेल्या रबरी नळीतून जादा हवा आत जात असण्याचा संभव असतो. टाकी भरल्यापासून त्रास सुरू झाला असेल, तर इंधनच तपासावे. २०२५ च्या जूनमध्ये रतलाम येथे मुख्यमंत्र्यांच्या ताफ्यातील १९ मोटारी डिझेल भरल्यावर बंद पडल्या आणि इंधनात पाणी निघाले, हे आपल्या वाचकांस आठवत असेलच. पाऊस अथवा गाडीची धुलाई झाल्यावर प्लगच्या खळग्यात पाणी साचले आहे काय, आणि गाडी बरेच दिवस उभी असल्यास उंदरांनी तारा कुरतडल्या आहेत काय, हेही पाहावे.

गेल्या दहा-बारा वर्षांतील मोटारींत स्टिअरिंगच्या आसपास, डॅशबोर्डखाली १६ छिद्रांची एक खोबण असते. तीत लहानसे स्कॅनर लावले की मोटार आपले दुखणे सांकेतिक भाषेत सांगते. पी०३०१ म्हणजे पहिला सिलिंडर, पी०३०२ म्हणजे दुसरा. पी०३०० म्हणजे दोष एका ठिकाणी स्थिर नाही. अशा वेळी हवा किंवा इंधन अशा सामाईक कारणाकडे आधी पाहावे. सिलिंडर कोणत्या टोकापासून मोजावयाचे, हे गाडीच्या पुस्तिकेत पाहावे.

तथापि संकेत सिलिंडर दाखवितो, अपराधी दाखवीत नाही. येथे आम्हांस वर्गातील युक्ती उपयोगी वाटते. एका बाकावरून सतत गडबड ऐकू आली, तर त्या मुलाची जागा बदलावी. गडबड त्याच्याबरोबर गेली, तर खोडी मुलाची. तेथेच राहिली, तर कारण त्या बाकापाशी शोधावे. समजा पी०३०२ आला. प्रत्येक प्लगवर स्वतंत्र कॉइल असेल, तर इंजिन बंद व थंड करून दुसऱ्या व तिसऱ्या सिलिंडरच्या कॉइलची अदलाबदल करावी, संकेत पुसावा आणि थोडी फेरी मारावी. आता पी०३०३ आला, तर कॉइल सदोष. पी०३०२ कायम राहिला, तर प्लगची तशीच अदलाबदल करावी. एका वेळी एकच वस्तू हलवावी; दोन हलविल्या की निष्कर्ष हातचा गेला.

प्लग काढला की त्याचे टोक पाहावे. फिकट तपकिरी रंग आरोग्याचा. कोरडी काजळी म्हणजे पेट्रोल जास्त, तेलकट ओल म्हणजे इंजिनातील तेलाचा शिरकाव, पांढरेफटक टोक म्हणजे अति उष्णता. पांढऱ्या चिनी मातीवर काळी रेघ वा तडा दिसल्यास प्लग बदलावा. नवा प्लग बसविताना आटे प्रथम हाताने फिरवावेत, मग पाना लावावा. ॲल्युमिनियममधील आटे बिघडले, तर दुरुस्ती भारी पडते. इंजिन चालू असताना कॉइलला हात लावू नये. तेथील विद्युतदाब हजारो व्होल्टचा असतो.

कॉइल आणि प्लग दोन्ही निर्दोष ठरले, तर उरतात इंजेक्टर, वायरिंग अथवा दाब. ते काम मिस्त्रीचे. गाडी वॉरंटीत असेल, तर काहीही उघडण्यापूर्वी कागद वाचावेत. प्लग कधी बदलला, किती किलोमीटरवर, कोणता संकेत आला, हे एका वहीत टिपून ठेवावे. ‘दुसऱ्या सिलिंडरचे प्लग व कॉइल बदलून पाहिले, दोष तेथेच राहिला, आता दाब पाहा,’ असे म्हणणाऱ्या गिऱ्हाईकाला नको असलेले भाग विकणे कोणासही अवघड जाते.